उंबऱ्याच्या आत गोड बोला

घर विकायचं म्हणजे आधी ते लपवायचं असतं, हे मला माझ्या सुनेकडून कळलं.

"आई, आपलं म्हणून काहीही दिसता कामा नये," यामिनी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली. "बघायला येणाऱ्याला वाटलं पाहिजे, की हे त्याचंच घर आहे."

मी भाजी निवडत होते ती थांबलेच. माझ्या घरात परका माणूस येणार आणि त्याला वाटणार, की हे त्याचं आहे! असल्या माणसाला आमच्या माहेरी चोर म्हणायचे आणि आळीतले चार जण मिळून त्याला चावडीपर्यंत पोचवायचे. इथे त्याला सरबत द्यायचं होतं.

आता घर विकायची मला काही हौस आली नव्हती. तात्यांचे, म्हणजे आमच्या ह्यांचे, गुडघे गेले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. घरातल्या घरात ते काठी टेकत बरे फिरतात, पण जिना म्हटलं की खेळ खलास. डॉक्टरकडे न्यायचं तर माझा मुलगा केदार आणि त्याचा एक दोस्त त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवतात. उतरताना तात्या दारादारांतल्या लोकांना हात करतात, जसं काही निवडून आलेत. पण परत वर आणलं, की त्यांचा चेहरा पडतो. मग गॅलरीत बसून खालून जाणारे टेम्पो बघत राहायचं. एक दिवस असेच बसल्या बसल्या म्हणाले, "सुमती, आता मी खाली जाईन तो एकदाच."

मी त्यांना असं झापलं, की चहाचा कप त्यांच्या हातात हलला. मग आत गेले, डोळ्यांना पदर लावला आणि केदारला फोन केला. "हे घर विक. तळमजला बघ. दाराशी खुर्ची मावली पाहिजे."

केदारने कामतघरला एक तळमजल्याचा ब्लॉक शोधला. मालक भला माणूस, दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणाला. त्याच्या आत आमचं विकलं गेलं पाहिजे, एवढंच. मला वाटलं, त्यात काय अवघड आहे? माझं घर म्हणजे काही ऐरंगैरं घर नव्हे. लग्नकार्यात, हळदीकुंकवात, रेशनच्या रांगेत, जिथे बसेन तिथे मी या घराची तारीफ केलेली आहे. असं वारं, असा उजेड, असा ओटा अख्ख्या भिवंडीत नाही, हे मी इतकी वर्षं सांगत आले. लोक रांग लावतील, एवढीच मला धास्ती होती.

प्रितेश नावाचा एजंट आला. कानात ते पांढरं बोंडूक, त्यामुळे तो माझ्याशी बोलतोय की आणखी कुणाशी, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. घर बघून म्हणाला, "काकू, प्रॉपर्टी एकदम ए-वन. फक्त बाजूला लूमचा कारखाना आहे, त्याचा आवाज."

"कसला आवाज?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. खरंच सांगते, मला ऐकूच येत नाही. लूम चालू असले, की मांडणीतली भांडी हळूहळू कडेला सरकतात, ती मी सकाळ-संध्याकाळ मागे ढकलते. पण आवाज? छे.

"गिऱ्हाईक शुक्रवारीच आणायचं," प्रितेश म्हणाला. "शुक्रवारी लूम बंद. सगळी भिवंडी हेच करते, काकू. इथे बाकीच्या दिवशी कुणी घर विकतच नाही."

तर शुक्रवार ठरला आणि यामिनीने घर लपवायला काढलं. माझ्या शोकेसमधल्या बाहुल्या गेल्या. लोणच्याच्या बरण्या गेल्या. गोधड्या, पितळी पातेली, पापडाचा डबा, केदारचा शाळेतला धावण्याचा कप, तात्यांचा निरोपसमारंभाचा फोटो, सगळं माळ्यावर कोंबून पुढे पडदा ओढला. ओट्यावर काय ठेवलं? काचेच्या वाडग्यात चार लिंबं. मी म्हटलं, "सरबत करायचंय का?" तर म्हणाली, "हात नका लावू, ती दाखवायची आहेत." लिंबं दाखवायची! माझा संसार माळ्यावर आणि लिंबं दर्शनी!

शुक्रवारी कल्याणहून एक जोडपं आलं. नवरा गोरागोमटा, बँकेत की कुठेसा. मी ठेवणीतली साडी नेसून, घडी मोडू नये म्हणून उभीच होते. स्वयंपाकघरात आल्यावर तो म्हणाला, "किती शांत आहे हो इथे!"

त्याचं ते वाक्य पुरं झालं आणि शेजारी लूम सुरू झाले. कारखानदाराला म्हणे अर्जंट ऑर्डर आली होती, त्याने सुट्टीच्या दिवशी शिफ्ट लावली. कारागिरांना बोलावलं, पण मला विचारलं नाही. मांडणी थरथरली, लिंबं वाडग्यात नाचायला लागली, आणि माळ्यावर जे एकावर एक कोंबलेलं होतं ते पुढे निघालं. आधी पडदा आला. मग माझी दुहेरी गोधडी आली, ती सरळ त्या गृहस्थाच्या डोक्यावर. मागोमाग पातेलं आलं, ते त्याच्या पायाशेजारी पडून गरगर फिरत राहिलं. सगळ्यात शेवटी तात्या, म्हणजे फोटोतले, गोधडीवर अलगद येऊन बसले.

बायको ओरडली, "अहो!" गोधडीच्या आतून "आहे, आहे," असा आवाज आला.

"घाबरू नका," मी म्हटलं, "गोधडी धुतलेली आहे."

ते सरबत न पिता गेले. त्यानंतर कुणी फिरकलंच नाही. प्रितेशचा फोन येईना, आला तर तो दुसऱ्याच कुणाशी बोलायचा. दसरा जवळ येत होता. तात्या काही बोलत नव्हते, पण एकदा त्यांनी केदारला हळूच विचारलं, "त्या कामतघरच्या घरापुढे झाड आहे का रे?" त्या प्रश्नाने माझी झोप उडाली.

आणि मग मला कारण सापडलं. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण काही गोष्टी शाळेत शिकवतच नाहीत. वास्तू सारखी 'तथास्तु' म्हणत असते. आपण घरात जे बोलतो ते ती ऐकते आणि मंजूर करून टाकते. तिला थट्टा कळत नाही, राग कळत नाही. आणि आमच्या घरात काय बोललं जात होतं? गोधडी पडली त्या दिवशी यामिनी म्हणाली होती, "आता या घराला कुणी विचारणार नाही." झालं. तथास्तु! केदार रोज सकाळी म्हणायचा, "या नळाला कधीच पाणी येणार नाही." तथास्तु! खुद्द मी, बाहेर इतकी तारीफ करणारी, घरात दिवसभर काय काय बोलत आले होते ते आठवलं आणि मला घामच फुटला.

मी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "आजपासून उंबऱ्याच्या आत या घराबद्दल एकही वाकडा शब्द नाही. ज्याला तक्रार करायची असेल त्याने बाहेर जिन्यात जाऊन करायची आणि मग हसऱ्या तोंडाने आत यायचं."

"आई, सिरियसली?" यामिनी म्हणाली.

"ते सुद्धा बाहेर जाऊन विचार."

पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून सवय लागली. सकाळी केदार टॉवेल गुंडाळून, अंगाला साबण तसाच ठेवून जिन्यात जायचा आणि ओरडायचा, "पाणी गेलं! परत गेलं!" मग आत येऊन म्हणायचा, "वा, काय बाथरूम आहे!" यामिनी बाहेर जाऊन ओल आलेल्या भिंतीबद्दल, खिडकीतून येणाऱ्या कापसाच्या धुळीबद्दल बोलायची. मग तिला त्याची गोडी लागली. एकदा बराच वेळ आली नाही म्हणून मी दाराला कान लावला, तर बाई घराचं सोडून सासूवर आली होती. मी दार उघडून म्हटलं, "मी घराचा भाग नाही." तर म्हणाली, "आई, रिस्क कशाला घ्यायची?"

आता आमचा जिना म्हणजे उभी विहीर आहे. वर खोकलं की खाली दचकतात. पण मी तरी कुठे लक्ष देणार! माझं सगळं लक्ष वास्तूकडे.

आणि बघा, गुण आला. प्रितेशचा फोन आला. पडघ्याच्या एका शाळेतल्या बाई घर बघायला येणार होत्या. वार शुक्रवारच, आणि कारखानदाराला मी स्वतः जाऊन दटावून आले होते. तो म्हणाला, "अम्मा, आपके लिये बिजली का मेन स्विच ही निकाल देता हूँ." चांगला माणूस.

बाई नीटनेटक्या, चष्मा लावलेल्या. चपला दारात काढून आत आल्या, सगळं बघितलं, मान डोलावली आणि विचारलं, "ओल वगैरे येते का हो?"

आता माझी पंचाईत बघा. खोटं बोलणाऱ्यातली मी नाही. फसवून घर गळ्यात मारलं, असं उद्या कुणी म्हटलेलं मला खपणार नाही. आणि आत खरं बोलावं तर वास्तू कायमची ओल मंजूर करणार.

"जरा बाहेर या," मी म्हटलं.

बाईंनी चपला घातल्या आणि जिन्यात आल्या. मी सांगितलं, "बाथरूमच्या भिंतीला येते. पावसाळ्यात तर हात लावला की चुना हाताला येतो. चला आत." बाईंनी चपला काढल्या. आत आल्यावर मी म्हटलं, "ही बघा भिंत. किती सुंदर!"

त्यांनी चष्मा सारखा केला. मग म्हणाल्या, "पाणी किती वेळ येतं?"

"बाहेर या."

चपला घातल्या. "येतं, पण धार बारीक. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढता चढता दमतं. चला." चपला काढल्या. "पाणी काय गोड आहे हो इथलं!"

"आणि शेजार?" असं विचारलं आणि या खेपेला बाई आपणहूनच चपलांकडे निघाल्या. एक पायात, एक हातात, अशा जिन्यात उभ्या राहिल्या.

"समोरचे देवमाणूस आहेत," मी म्हटलं. "पण दुसऱ्या मजल्यावरचा सेक्रेटरी राघो, त्याच्यापासून सांभाळून. सोसायटीच्या टाकीची साफसफाई त्याने अशी केली, की पाली सुद्धा सोडून गेल्या."

"काकू," जिन्याच्या वळणावरून आवाज आला. राघो भाजीची पिशवी घेऊन तिथेच उभा होता.

बाई तशाच, एक चप्पल हातात घेऊन, खाली उतरल्या. राघोने त्यांना वाट दिली आणि मला म्हणाला, "तुम्ही जिन्यात उभं राहून बिल्डिंगचा भाव पाडताय. गेले कित्येक दिवस ऐकतोय मी. आता ना-हरकत दाखला मागायला या, मग बघतो."

दुसऱ्या दिवशी खालच्या फळ्यावर सूचना लागली, 'सभासदांनी जिन्यामध्ये उभे राहून इमारतीची बदनामी करू नये. हुकुमावरून.' मी तणतणत त्याच्याकडे गेले. म्हणाला, दाखला द्यायला कमिटीची मीटिंग लागते. मीटिंगला माणसं पुरी लागतात. माणसं पुरी भरत नाहीत, कारण दोन मेंबर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आणि ते तोंड का बघत नाहीत, तर मागच्या मीटिंगमुळे. "आणि आधी तुम्ही जिन्यात उभं राहून, जाहीर, बिल्डिंग चांगली आहे असं सांगायचं," तो म्हणाला.

"चांगलं मी फक्त आत बोलते," मी म्हटलं आणि वर आले. राघोला ते कळलं नाही.

त्याच संध्याकाळी केदार घरी आला तो बूट न काढता दारातच उभा राहिला. मला बाहेर बोलावलं. कामतघरचं घर गेलं. मालकाला घाई लागली, त्याने दुसऱ्याला देऊन टाकलं. दसऱ्याला अजून अवकाश होता. शब्द दिला होता त्याने! मी त्या पायरीवर मटकन बसले. आत जाऊन हसरं तोंड करायला मला जमेना. आतून तात्यांच्या काठीचा आवाज आला. ते दाराशी आले, आम्हा दोघांना बघितलं, आणि काही न विचारता काठी टेकत परत गॅलरीत गेले.

मी तिथेच बसून होते, तोच खालून कौसल्या चढून आली. कौसल्या जाधव, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरची. इतकी वर्षं आम्ही एका बिल्डिंगीत, पण आमचं येणंजाणं हळदीकुंकवाच्या पुढे कधी गेलं नाही. मी वरची, ती खालची. धापा टाकत माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"काकी, एक विचारू? रागावू नका. ते ओलीचं, पाण्याचं, भांडी सरकण्याचं जे तुम्ही रोज ओरडता, ते खरं आहे का सगळं?"

"मी खोटं बोलत नाही," मी म्हटलं.

"अहो, मग मला द्या की हे घर!"

"माझी चेष्टा करतेस?" मी म्हटलं.

"चेष्टा नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुमच्या तोंडून ऐकत आले, असं घर भिवंडीत नाही, राजाच्या वाड्यात नाही. मला वाटायचं, आपल्याला कुठे झेपणार? आमच्या पोरीने, संघरत्नाने, दोनदा म्हटलं, वरच्या काकूंना विचार, मी म्हटलं, नको गं, त्यांचं घर म्हणजे काय, आपलं तोंड काय. आता रोज ऐकलं तेव्हा कळलं, अरे, हे तर आपल्यासारखंच आहे."

ज्या तारीफेने घर चटकन जाईल असं मला वाटत होतं, त्याच तारीफेने ते अडवून ठेवलं होतं! पण एवढ्यावर मी हरणार नव्हते. म्हटलं, "मग ती आलेली गिऱ्हाइकं का नाही म्हणाली? एखादं तरी हो म्हणालं असतं ना?"

कौसल्या हसली. "वर सगळे गोड बोलतात, काकी. खाली माझ्या खिडकीशी गाडी काढताना खरं बोलतात. ते गोधडीवाले काय म्हणाले सांगू? 'घर छान होतं गं, पण बाई डेंजर आहे. व्यवहार झाला तरी सोडायची नाही, रोज येऊन बघेल.'"

"मी?"

"आणि त्या पडघ्याच्या बाई फोनवर म्हणत होत्या, घर आवडलं, पण मालकीणबाई डोक्याने जरा..." कौसल्याने हाताने खूण केली.

मला असा झटका उभ्या जन्मात बसला नव्हता. भिंतीची ओल चालली, पाण्याची धार चालली, लूम चालले. चालले नाही ती मी!

"पण तू खालचं सोडून वर का येतेस?" मी शेवटी विचारलं.

तेव्हा ती बांध फुटल्यासारखी सुरू झाली. बिल्डिंगीतल्या प्रत्येकाचं पार्सल तिच्याकडे. प्रत्येक पाहुणा पत्ता तिला विचारतो. स्कूटर तिच्या खिडकीला टेकवतात. आणि पंपाची किल्ली! पाणी आलं की पंप चालू करायला तिने घरात पाहिजे, तिला माहेरी चार दिवस राहता आलेलं नाही. "फुकटची वॉचमन झालेय मी. मला वर जाऊन दार लावून झोपायचंय."

"हळू बोल," मी म्हटलं, "तुझ्या घराबद्दल असं..."

"आमच्यात नाही ते तथास्तु वगैरे," ती म्हणाली. "आम्ही आत बसूनच सगळं बोलतो. काही होत नाही."

अदलाबदल ठरली. वरखाली द्यायचं-घ्यायचं ते केदारने आणि संघरत्नाने बसून ठरवलं. त्यात मी नाक खुपसलं नाही, म्हणजे खुपसू दिलं नाही. राघोने दाखल्याला आधी मीटिंग, मेंबर, हरकती असं सगळं काढलं. कौसल्याने दोन दिवस पंपाची किल्ली 'सापडत नाही' म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी राघो स्वतः दाखला घेऊन आला, दाढी न केलेला.

तात्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं तेव्हा अख्खी बिल्डिंग दारात उभी होती. या खेपेला त्यांनी कुणाला हात केला नाही. डोळे मिटून, खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसले होते. खाली टेकल्यावर डोळे उघडले, दारातल्या फरशीवर काठी आपटून बघितली, आणि मला म्हणाले, "सुमती, सपाट आहे." बस, एवढंच. मला आत जाऊन उगीच भांडी लावावी लागली.

चहा घेऊन बाहेर आले, तर खुर्ची रिकामी.

काठी नाही, चपला नाहीत, माणूस नाही. मी समोरच्या दुकानात विचारलं, तर म्हणाला, "तात्या रिक्षात बसून गेले. खूश होते." केदारला फोन केला, यामिनीला नाक्यापर्यंत पिटाळलं. मी तिथेच त्यांच्या खुर्चीवर वाट बघत बसले. बसल्यावर एक पोरगा आला आणि तिसऱ्या मजल्याचं पार्सल माझ्या मांडीवर ठेवून गेला. एका बाईने पत्ता विचारला. कुणीतरी माझ्या नव्या खिडकीला स्कूटर टेकवली. पाणी आलं म्हणून राघो वरून ओरडला आणि मी उठून, कौसल्याने जाताना माझ्या कमरेला खोचून दिलेल्या किल्लीने पंप चालू केला. वरून कौसल्याचा आवाजसुद्धा आला नाही. दार लावून झोपली असणार.

दिवेलागणीला रिक्षा आली. तात्या उतरले, आणि त्यांच्याबरोबर दामू, त्यांचा जुना दोस्त, ज्याचं तोंड मी किती दिवसांत पाहिलं नव्हतं. दोघांच्या ओठांना भज्यांचं तेल. बोलायचं माझ्या मनात इतकं साठलं होतं, की कुठून सुरुवात करावी तेच कळेना.

"अगं, बाहेर काय बसलीस?" तात्या म्हणाले. "ऐक, उद्या दामूच्या गाडीतून वज्रेश्वरीला जाऊन येतो. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलं, की गुडघ्यांना बरं असतं म्हणे."

"उद्याच? बरं." मी पदर सावरला. इतक्या दिवसांनी दोघांनी कुठे जायचं म्हणून मला जरा भरूनच आलं. "मी डबा करते. मला पण देवीचं दर्शन घ्यायचंच होतं."

तात्यांनी माझ्या कमरेकडे बघितलं.

"तू कशी येणार, सुमती?" ते म्हणाले. "पंपाची किल्ली तुझ्याकडे आहे."